'ती गाडी नको, ती पेटते!'

मनमाडसारख्या गावात सेकंडहँड गाडी घ्यायची ठरली की सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. मेव्हणा, शेजारी, गॅरेजवाला, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, सगळे आपापलं मत सांगून जातात. 'ॲव्हरेज किती देते?' हा पहिला प्रश्न, 'पार्ट मिळतात का?' हा दुसरा. पण टाटा नॅनोचं नाव निघालं की प्रश्नच संपतात. 'ती नको, ती पेटते!' एवढं एक वाक्य पुरतं. ज्यांनी नॅनो पेटताना कधी पाहिली नाही, ज्यांच्या नात्यागोत्यात कोणाची पेटली नाही, तेही हे वाक्य ठामपणे म्हणतात. नॅनो रस्त्यावर दिसायची बंद झाली तरी वाक्य टिकून आहे.

मी गाड्यांमधला जाणकार नाही, पण डॉक्टर म्हणून मला या वाक्यात रस आहे. सरकारी रुग्णालयात अशी वाक्यं रोज कानावर पडतात. 'त्या इंजेक्शनने आमच्याकडचा एक माणूस गेला', 'ती गोळी किडनीला लागते', 'त्या दवाखान्यात गेलं की माणूस परत येत नाही'. कुठेतरी एक घटना घडलेली असते, पुष्कळदा खरीच असते. मग ती औषधाच्या किंवा दवाखान्याच्या नावाला कायमची चिकटते. भीती किती वाटते आणि धोका प्रत्यक्षात किती आहे, या दोन गोष्टी निरनिराळ्या मोजाव्या लागतात. आपण मात्र पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधतो.

नॅनोची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी ती गाडी पहिल्यांदा दाखवली. पावसात स्कूटरवर भिजत जाणारं चौघांचं कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडी बाजारात आली, जुलैपासून लोकांच्या हातात पडू लागली. त्याच वर्षी काही गाड्यांमधून धूर निघाल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने एक स्विच बदलायला घेतला. पुढे मार्च २०१० मध्ये मुंबईत, शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो रस्त्यातच पेटली. माणसं सुखरूप बाहेर पडली, पण जळत्या गाडीचं छायाचित्र देशभर गेलं. पाठोपाठ गुजरातेतली घटना झाली. चौकशीनंतर कंपनीने सांगितलं की कारणं त्या त्या गाड्यांपुरती होती, मूळ रचनेत दोष नाही. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये तिने तोवर विकलेल्या सुमारे ७०,००० गाड्यांना सायलेन्सरच्या आणि वायरिंगच्या भागात फुकट जादा संरक्षण बसवून द्यायचं जाहीर केलं. मात्र 'आम्ही गाड्या परत मागवत नाही' असंही आवर्जून सांगितलं. त्याच नोव्हेंबरात देशभरात फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या.

कर्ज सहज मिळत नव्हतं, किंमत वाढली होती, अशी इतरही कारणं त्या आकड्यामागे होती. डिसेंबरात कंपनीने वॉरंटी चार वर्षांपर्यंत वाढवली आणि विक्री सावरली. २०११-१२ मध्ये ७४,००० हून अधिक गाड्या गेल्या. पण साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभा केलेला होता. तिथून पुढे उतार लागला तो थांबला नाही. जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली.

'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख चुकीची ठरली, असं रतन टाटा पुढे स्वतः म्हणाले. मला वाटतं आगीची भीती त्या ओळखीवरच पोसली गेली. महागडी गाडी पेटली तर लोक म्हणतात, 'काहीतरी शॉर्टसर्किट झालं असेल.' लाखाची गाडी पेटली तर म्हणतात, 'स्वस्तात केली की असंच होणार.' एकाच घटनेचे दोन अर्थ, आणि कुठला लावायचा ते आपण आधीच ठरवलेलं असतं.

आता गणिताकडे येऊ. शाळेत अंश आणि छेद शिकवतात, ते आयुष्यात इथे उपयोगाला येतात. नॅनो पेटल्याच्या घटना बोटावर मोजण्याइतक्या, तो अंश. रस्त्यावरच्या गाड्या सुमारे सत्तर हजार, तो छेद. बातमीत अंश असतो, छेद नसतो. अर्थात काही महिने वयाची गाडी पेटता कामाच नये, त्यामुळे चौकशी हवीच होती. नवीन औषधाचे पहिले चार दुष्परिणाम आम्ही 'योगायोग' म्हणून सोडून देत नाही, तसंच हे. पण 'नॅनो नको' म्हणणारं कुटुंब त्याऐवजी कशावर बसून जाणार होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उत्तर सोपं होतं, मोटारसायकलवर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. मनमाडमधून पुणे-इंदूर महामार्ग जातो. पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर, मालेगावचे ट्रक आणि शिर्डीला निघालेल्या गाड्या एकाच रस्त्यावर असतात. त्यांच्या मधून पेट्रोलच्या टाकीवर एक मूल, मध्ये दुसरं, मागे आई, अशी मोटारसायकल निघते तेव्हा तिच्याकडे कोणी 'धोकादायक वाहन' म्हणून पाहत नाही. तिच्या नावाला कसलीच भीती चिकटलेली नाही. आमच्या अपघात विभागात रात्री येणाऱ्यांत मात्र दुचाकीवरचेच जास्त असतात.

मानसशास्त्रज्ञांनी याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की जे उदाहरण चटकन आठवतं, ते वारंवार घडतं असं आपल्याला वाटतं. पॉल स्लोविक यांनी पुढे मांडलं की जो धोका भयानक दिसतो, नवा असतो आणि आपल्या ताब्यात नसतो, तो आपल्याला आहे त्याहून मोठा वाटतो. आग या सगळ्यांत बसते. ती दिसते, तिचा फोटो निघतो, ती आपलं ऐकत नाही. याउलट मोटारसायकलचं हँडल आपल्या हातात असतं.

जानेवारी २०१४ मध्ये एक वेगळीच बातमी आली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि आमच्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच अस्थिर ठरला. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला, पण एअरबॅग नव्हत्या. फोक्सवॅगनने पोलोला सरसकट दोन एअरबॅग द्यायला सुरुवात केली आणि तीच गाडी चार तारे घेऊन आली.

मग लोकांनी अल्टो घेणं सोडलं का? अजिबात नाही. पुढची काही वर्षंही अल्टो देशातली सर्वाधिक खपणारी गाडी राहिली. शून्य तारे दोघींना मिळाले, पण एक 'पेटणारी' ठरली आणि दुसरी 'भरवशाची'. कारण आपल्याकडे भरवसा म्हणजे थंडीत सकाळी एका चावीत चालू होणं, वाटेत बंद न पडणं, पार्ट कुठेही मिळणं आणि विकताना पैसे येणं. त्यात काही गैर नाही, मध्यमवर्गीय माणसाला हे पाहावंच लागतं. पण गाडी बंद न पडणं आणि गाडीतला माणूस वाचणं, हे दोन वेगळे गुण आहेत. एक असला की दुसरा असतोच असं नाही.

नाशिककरांना जवळचं उदाहरण स्कॉर्पिओचं. सातपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचा दरारा काय वर्णावा! पुढारी, पोलीस, ठेकेदार, सगळ्यांची ती लाडकी. मे २०१६ मध्ये तिच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलला त्याच चाचणीत शून्य तारे मिळाले. दराऱ्यावर ओरखडा उमटला नाही. त्याच कंपनीने, त्याच नाशिकमध्ये बनवलेल्या एक्सयूव्ही-३०० ला जानेवारी २०२० मध्ये पाच तारे मिळाले. तरी आमच्याकडे 'दणकट कुठली' विचारलं तर बोट उंच गाडीकडेच जातं.

हा दणकटपणा लोक बोनेटवर अंगठा दाबून तपासतात. 'पत्रा जाड आहे' म्हणजे गाडी सुरक्षित. शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर गोष्ट उलटी आहे. टकरीत एक नव्हे, तीन आदळणी होतात. आधी गाडी समोरच्या वस्तूवर आदळते. मग आतला माणूस, जो अजून जुन्याच वेगाने पुढे चाललेला असतो, स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर आदळतो. शेवटी त्याच्या आतले अवयव त्याच्याच हाडांवर आदळतात: मेंदू कवटीवर, हृदय छातीच्या पिंजऱ्यावर. हृदयातून निघणारी महाधमनी छातीत एका ठिकाणी पक्की बांधलेली असते. धक्क्याने ती तिथेच फाटू शकते आणि मग आमच्या हाती फारसं काही उरत नाही. प्लीहा फुटली तर बाहेरून खरचटलंही नसतं, माणूस चालत येतो आणि अर्ध्या तासात त्याचा रक्तदाब कोसळतो. हे टाळायचं तर थांबायला जास्त वेळ मिळायला हवा. म्हणून चांगल्या गाडीचं नाक मुद्दाम चुरडण्यासाठी बनवलेलं असतं आणि माणसं बसतात तो पिंजरा न चुरडण्यासाठी. अपघातानंतर 'बघा, पुढचा भाग पापडासारखा झाला' म्हणून नावं ठेवली जातात, तेव्हा पुष्कळदा त्या पापडानेच आतल्या माणसाला वाचवलेलं असतं.

गाड्यांच्या नावाची अशी पडझड काही आपल्याकडेच होते असं नाही. शेजारच्या संभाजीनगरला शेंद्र्यात ज्या ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात, ती कंपनी एकदा अमेरिकेतून जवळजवळ उठली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते, असं दाखवलं. त्यासाठी वापरलेल्या गाडीच्या गिअर यंत्रणेत हवेचा दाब सोडून मुद्दाम फेरफार केला होता, हे नंतर उघड झालं. १९८९ मध्ये सरकारी चौकशीने निष्कर्ष काढला की बहुतेक वेळी चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९८५ मध्ये तिथे ७४,०६१ ऑडी विकल्या गेल्या होत्या. १९९१ मध्ये १२,२८३.

गंमत अशी की ऑडीचं म्हणणं बव्हंशी खरं होतं, आणि तेच तिला भोवलं. मूल गमावलेल्या आईला 'चूक तुमच्याच पायाची' हे ऐकवलं की विषय विज्ञानाचा राहत नाही. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. रुग्ण दगावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टर काय बोलतो, समोर बसून बोलतो की फाइल चाळत बोलतो, यावर रुग्णालयाचं नाव पुढची कित्येक वर्षं ठरतं. औषधांच्या जगातलं याच्या उलटं उदाहरण टायलेनॉलचं. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी या वेदनाशामक कॅप्सुलांमध्ये सायनाइड भरलं, सात माणसं मेली. कंपनीचा दोष नव्हता. तरी तिने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या देशभरातून उचलल्या आणि छेडछाड केली तर लगेच कळेल असं नवं वेष्टन आणलं. गेलेलं गिऱ्हाईक लवकरच परत आलं.

टोयोटाची गोष्ट या दोहोंच्या मधली. २००९-१० मध्ये तिच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून लाखो गाड्या परत मागवल्या गेल्या. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकणं आणि पेडल चिकटणं ही कारणं सापडली. इलेक्ट्रॉनिक दोष आहे का हे तपासायला नासाला बोलावलं, तिला तो आढळला नाही. पण कंपनीने ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये तिला १.२ अब्ज डॉलर भरावे लागले. तरी टोयोटाचं नाव टिकलं. आपल्याकडे इनोव्हाला कोणी नाकं मुरडली? जुन्या भरवशाची शिल्लक गाठीला होती, ती कामी आली. नॅनोच्या खात्यात मुळात काही जमाच झालेलं नव्हतं.

नॅनोच्याच कंपनीची नेक्सॉन, पुण्याजवळ रांजणगावला बनणारी, डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. आज तेच नाव लोक 'सुरक्षित' म्हणून घेतात. मला हा बदल आवडतो, कारण गिऱ्हाईक शोरूममध्ये जाऊन तारे विचारू लागलं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली. पण इथेही एक मेख आहे. समोरून आदळण्याची चाचणी ६४ च्या वेगाने होते. टकरीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी शंभरला ती ६४ च्या जवळजवळ अडीचपट होते. समृद्धीवर १२० च्या पुढे काटा नेऊन 'फाइव्ह स्टार आहे' म्हणणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

सध्या आगीच्या भीतीची पाळी विजेवरच्या गाड्यांची आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याकडेला पेटली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या स्कूटरींना आग लागली. चाळीसपैकी वीस जळाल्या. जूनमध्ये वसईत विजेवरच्या नेक्सॉनने पेट घेतला. त्या उन्हाळ्यात कंपन्यांनी हजारो स्कूटर परत बोलावल्या आणि डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. म्हणजे त्या भीतीने चांगलं कामही केलं. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, त्यांची आपल्याला सवय झाली आहे, एवढाच फरक.

तरी बॅटरीच्या आगीबद्दल एक गोष्ट वैद्यकीय आहे म्हणून सांगतो. बंद घरातल्या आगीत माणसं पुष्कळदा भाजून नव्हे, धुराने मरतात. मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने वडील आणि मुलगी गेली ती धुरात गुदमरून. म्हणून स्कूटर जिन्याखाली, बोळात किंवा झोपायच्या खोलीच्या दाराशी चार्ज करू नका. घरातून बाहेर पडायची वाट तिच्या शेजारून जाता कामा नये. रात्रभर लावून झोपणंही टाळा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी आणखी एक. गाडी परत मागवायला लावण्याचे अधिकार सरकारकडे एप्रिल २०२१ पासून नियमानिशी आले. नॅनोच्या वेळी तसं काही नव्हतं. पण कंपनीची सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, गाडी दोन हात फिरलेली असते. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण याचसाठी आठवतं. त्यातलं रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होई, आणि बॅग फुगताना धातूचे तुकडे गोळीसारखे उडत. भारतात होंडाने या कारणासाठी मोठ्या संख्येने गाड्या बोलावल्या होत्या. जुनी गाडी घेताना चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं, काही काम बाकी आहे का. काम फुकट होतं.

आणि पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते जगातल्या नावाजलेल्या मर्सिडीजमध्ये, मागच्या सीटवर, पट्टा न लावता. 'मर्सिडीज नको' असं त्यानंतरही कोणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण मागचा पट्टा लावणारेही त्या मानाने फार वाढलेले दिसत नाहीत. २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण मेले. त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते.

मनमाड स्टेशनबाहेर शिर्डीला जाणाऱ्या गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत मागचे पट्टे नव्या सीट कव्हरखाली दडपलेले आहेत. मागितला तर ड्रायव्हर म्हणतो, 'मागच्यांना कशाला, साहेब? गाडी एकदम दणकट आहे.' बक्कल बाहेर यायला कव्हरला एक चीर पुरते. कुशनवाला ती पाच मिनिटांत देतो.